सतरा जागांचा हिशेब : ‘फुटबॉल मॅनेजर २०२४’

‘फुटबॉल मॅनेजर’ या संगणकावरच्या खेळात चेंडूला पाय लावायचा नसतो, क्लब चालवायचा असतो. खेळाडू घेणे, विकणे, त्यांचे पगार ठरवणे, सराव आखणे आणि सामन्यासाठी अकरा जण निवडणे ही सगळी कामे प्रशिक्षकाच्या खुर्चीत बसून आपणच करायची असतात. या खेळाच्या २०२४ च्या आवृत्तीबद्दल लिहिताना मला सर्वांत जास्त बोलायचे आहे ते खेळाडू नोंदणीच्या पानाबद्दल. बरेच जण हे पान घाईघाईने उरकतात आणि पुढे जातात. माझ्या मते या खेळाचे खरे मोल तिथेच आहे, कारण एखादा क्लब अमुक खेळाडू का घेतो आणि तमुक का सोडून देतो, याचे अर्धे उत्तर त्या पानावर मिळते.

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात इंग्लंडचे सामने मोबाइलवर पाहणारी मुले आता पुष्कळ आहेत. संध्याकाळी पारावर कापसाच्या भावाइतकीच चर्चा ट्रान्सफरच्या बातम्यांची होते आणि त्यात एक प्रश्न हटकून येतो : “भाऊ, एवढा पैसा आहे त्यांच्याजवळ, तर घेऊन का नाही टाकत?” पैसा असूनही खेळाडू घेता येत नाही, आणि घेतला तरी मैदानात उतरवता येईलच असे नाही, हे तोंडी सांगून कोणाला पटत नाही. हा खेळ ते एका हंगामात पटवून देतो.

मूळ नियम असा आहे. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २०१०-११ च्या हंगामापासून प्रत्येक क्लबला जास्तीत जास्त २५ खेळाडूंची यादी द्यावी लागते आणि त्यांपैकी १७ पेक्षा जास्त खेळाडू ‘होमग्रोन’ नसलेले चालत नाहीत. होमग्रोन म्हणजे ज्याने वयाच्या २१ व्या वर्षापर्यंत तीन हंगाम किंवा ३६ महिने इंग्लंड अथवा वेल्समधील क्लबकडे नोंदणीकृत राहून काढले आहेत असा खेळाडू. त्याचे राष्ट्रीयत्व कोणते, याचा इथे काहीच संबंध नाही. सेस्क फाब्रेगास स्पेनचा, पण वयाच्या सोळाव्या वर्षी आर्सेनलमध्ये आल्यामुळे तो पुढे चेल्सीच्या यादीत होमग्रोन म्हणून बसला. उलट एरिक डायर इंग्लंडकडून विश्वचषक खेळला, परंतु त्याची जडणघडण पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबमध्ये झाल्याने टॉटनहॅमच्या यादीत त्याने परदेशी खेळाडूची जागा अडवली. एकवीस वर्षांखालील खेळाडूंचे नाव या यादीत असावे लागत नाही, ते कितीही असले तरी चालतात. २०२३-२४ च्या हंगामासाठी १ जानेवारी २००२ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेले खेळाडू या सवलतीत बसत होते.

एवढे वाचून नियम कळतो. त्याचा चटका मात्र खेळताना बसतो. मी ब्रायटन हा इंग्लिश क्लब घेतला होता आणि तिसऱ्या हंगामापर्यंत संघ चांगला बांधला गेला होता. युरोपभरातून स्वस्तात तरुण मुले आणायची, त्यांना वाढवायचे आणि मोठ्या क्लबांना विकायचे, हे त्या क्लबचे प्रत्यक्षातलेही धोरण आहे आणि खेळातही ते छान जमते. अडचण अशी की ही मुले वयाने वाढतात. सवलतीच्या वयातली तीन मुले त्याच उन्हाळ्यात एकदम सवलतीबाहेर गेली आणि ऑगस्टच्या शेवटी नोंदणीचे पान उघडले तेव्हा सतरा जागांसाठी माझ्याकडे अठरा नावे होती. अठरावा होता डावा बचावपटू, ज्याच्यासाठी मी त्या वर्षीची निम्मी रक्कम खर्च केली होती. नाव एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात न्यायला क्षणही लागत नाही. पण कोणाचे न्यायचे हे ठरवताना मी लॅपटॉप पुढ्यात घेऊन बराच वेळ बसून राहिलो. शेवटी एका अनुभवी मधल्या फळीतील खेळाडूचे नाव काढले. त्याचा पगार चालूच राहिला, त्याचा उत्साह ढासळला, त्याने तक्रार केली, आणि जानेवारीत त्याला विकायला काढले तेव्हा खरेदीदार क्लबांनी त्याची किंमत पाडून मागितली.

मेसुत ओझिलच्या बाबतीत आर्सेनलमध्ये ऑक्टोबर २०२० मध्ये जे झाले, ते त्या क्षणी मला पहिल्यांदा आतून समजले. क्लबमधील सर्वाधिक पगाराच्या खेळाडूंपैकी एक असलेल्या ओझिलचे नाव प्रीमियर लीगच्या यादीतही नव्हते आणि युरोपा लीग या युरोपातील क्लबांच्या स्पर्धेच्या यादीतही नव्हते. त्याच वेळी सोक्रातिस या दुसऱ्या खेळाडूलाही प्रीमियर लीगच्या यादीबाहेर ठेवावे लागले. त्या उन्हाळ्यात गॅब्रिएल, विलियन आणि थॉमस पार्टी आले होते आणि जुने परदेशी खेळाडू तेवढ्या वेगाने बाहेर गेले नव्हते. ओझिलला बाहेर ठेवण्यामागे इतरही कारणे सांगितली जातात. परंतु आधी जागा रिकामी करायची आणि मग खेळाडू आणायचा हा क्रम चुकला, की किंमत कोणाला तरी मोजावीच लागते.

हा क्रम शिकवण्यात या खेळाचा हात कोणी धरू शकणार नाही. खेळाडू शोधताना ‘होमग्रोन’ची चाळणी लावता येते, आणि ती लावली की इंग्लिश खेळाडूंच्या किमती एवढ्या चढ्या का असतात हे लगेच डोळ्यांसमोर येते. त्या किमतीत खेळाच्या दर्जाबरोबर यादीतील एका जागेचीही किंमत धरलेली असते. तिसऱ्या गोलरक्षकाचेही असेच आहे. मँचेस्टर सिटीने रिचर्ड राइटला २०१२ ते २०१६ अशी चार वर्षे ठेवले आणि तो पहिल्या संघाकडून एकही सामना खेळला नाही. नंतर स्कॉट कार्सन आला, तोही क्वचितच मैदानात दिसला. दोघेही इंग्लिश, दोघेही होमग्रोन. क्वचित लागणाऱ्या गोलरक्षकासाठी सतरापैकी जागा खर्च करायची नाही, हा त्यामागचा सरळ विचार. मी स्वतः खेळताना असाच एक पस्तिशीचा गोलरक्षक फुकटात घेतला आणि ती जागा एका ब्राझिलियन आघाडीपटूसाठी वाचवली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

ब्रेक्झिटनंतरचे, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतरचे बदलही खेळात नीट उतरवलेले आहेत. १ जानेवारी २०२१ पासून इंग्लिश क्लबांना परदेशातील अठरा वर्षांखालील खेळाडू घेता येत नाहीत आणि त्यावरील खेळाडूंना गुणांच्या आधारे परवानगी मिळवावी लागते. फाब्रेगाससारख्या सोळा वर्षांच्या मुलाला आणून होमग्रोन करण्याचा रस्ता त्यामुळे बंद झाला. आता अठरा पूर्ण होताच आणले तरच एकविसाव्या वर्षापर्यंत तीन हंगाम भरतात; एकोणिसाव्या वर्षी आणलेला मुलगा गुणी असला तरी सहसा कायमचा परदेशी रकान्यात राहतो. म्हणून अठराव्या वाढदिवसाकडे क्लब डोळे लावून बसतात. खेळातही हेच करावे लागते, आणि दोन मुलांमध्ये एका वर्षाचा फरक असेल तर कमी वयाच्या मुलासाठी जास्त पैसे मोजणे शहाणपणाचे ठरते, हे मी इथेच शिकलो.

युरोपातील क्लबांच्या स्पर्धांसाठी पात्र ठरलात की हिशेब आणखी बारीक होतो, आणि या परीक्षणात मला सर्वाधिक कौतुक त्याच भागाचे करायचे आहे. या स्पर्धा घेणाऱ्या युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेच्या ‘अ’ यादीत २५ नावे बसतात; त्यांपैकी आठ जागा स्थानिक पातळीवर घडलेल्या खेळाडूंसाठी राखीव असतात, आणि त्या आठपैकी किमान चार जण पंधरा ते एकवीस या वयात तीन हंगाम त्याच क्लबमध्ये घडलेले असावे लागतात. असे चार नसून दोनच असतील, तर उरलेल्या दोन जागा दुसऱ्या कोणाला देता येत नाहीत. यादीच तेवीसची होते. शिवाय ‘ब’ यादीत तरुण खेळाडू मोकळेपणाने घालता येतात, पण त्यासाठी त्या खेळाडूने पंधराव्या वर्षानंतर सलग दोन वर्षे क्लबकडे काढलेली असावीत. परिणामी याच उन्हाळ्यात विकत घेतलेला वीस वर्षांचा खेळाडू प्रीमियर लीगमध्ये जागा अडवत नाही आणि युरोपात मात्र अडवतो. दोन याद्या, दोन वेगळ्या अटी आणि एकच संघ, अशी ही कसरत आहे.

इथे क्लबच्या स्वतःच्या अकादमीतल्या, म्हणजे लहानपणापासून क्लबनेच घडवलेल्या मुलांचे महत्त्व एकदम बदलते. अकादमीतला खेळाडू विकला की त्याची जवळजवळ संपूर्ण किंमत हिशेबात नफा म्हणून दिसते, त्यामुळे खर्चाच्या मर्यादेत राहण्यासाठी क्लब असे खेळाडू विकण्याच्या मोहात पडतात. चेल्सीने २०२३ मध्ये मेसन माउंट आणि २०२४ मध्ये कॉनर गॅलाघर विकला. पण तोच खेळाडू युरोपच्या यादीतली अशी जागा भरत असतो, जी बाजारातून विकत आणलेल्या कोणालाही भरता येत नाही. खेळात माझ्या संचालक मंडळाने अकादमीतल्या एका मुलासाठी आलेला मोठा प्रस्ताव स्वीकारण्याचा आग्रह धरला, तेव्हा यादी समोर ठेवून मी तो नाकारला. मैदानावर त्याची मला फारशी गरज नव्हती.

आमच्या भागातील कबड्डीच्या सामन्यांत काही आयोजक ‘एक गाव एक संघ’ अशी अट घालतात आणि नावे देताना आधार कार्ड पाहतात. पूर्वी सधन गावे बक्षिसाच्या लोभाने चार गावांचे चढाईपटू गोळा करून आणत. ही अट आली तेव्हा त्याच गावांतल्या शाळेच्या मैदानावर संध्याकाळी मुलांचा सराव दिसू लागला. युएफाने २००६ पासून टप्प्याटप्प्याने स्थानिक खेळाडूंच्या राखीव जागांचा नियम आणला, तेव्हा त्यामागची इच्छाही याच जातीची होती. मोठ्या क्लबांनी त्यातून पळवाटा काढल्या, हे खरे आहे. तरीही नियम नसता तर अकादम्यांवर आजच्याइतका खर्च झाला असता, असे मला वाटत नाही.

हंगामाच्या मध्यातला भागही खेळ चोख पाळतो. जानेवारीच्या खरेदीनंतर युरोपच्या यादीत तीनच नवी नावे घालता येतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये चेल्सीने एन्झो फर्नांडेझ, मुद्रिक आणि जोआओ फेलिक्स यांची नावे घातली, त्याच महिनाभरात आलेला बादियाशिल बाहेर राहिला आणि ओबामेयांगचे नाव कापले गेले. पारावरच्या मुलांना मी हाच दाखला देतो, आणि मग त्यांना लॅपटॉपवर तेच करून पाहायला लावतो.

स्पेनची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे जागेच्या जोडीला पगाराची मर्यादा आड येते. बार्सिलोनाने ऑगस्ट २०२४ मध्ये दानी ओल्मोला घेतले, पण लीगमध्ये त्याची नोंदणी वेळेत झाली नाही आणि पहिल्या दोन सामन्यांना तो मुकला. संघातल्या क्रिस्टेन्सन या खेळाडूच्या दीर्घ दुखापतीमुळे त्याच्या पगाराचा काही भाग मोकळा धरता आला, म्हणून ओल्मोची नोंदणी झाली, आणि तीही ३१ डिसेंबरपर्यंतचीच. तो तिढा पुढे जानेवारीत सरकारी क्रीडा परिषदेपर्यंत गेला. अशा कज्जेदलालीची चव कोणत्याही संगणकीय खेळात येणे अवघड आहे, त्यामुळे ज्यांना स्पॅनिश क्लबांचे व्यवहार समजून घ्यायचे आहेत त्यांनी बातम्या वाचाव्यात हेच बरे.

उणिवा सांगायच्या तर पहिली भाषेची. संपूर्ण खेळ इंग्रजीत खेळावा लागतो, मराठी सोडाच, हिंदीही नाही. त्यामुळे आमच्याकडील दहावी-बारावीच्या मुलांना पहिले काही दिवस कोणीतरी शेजारी बसून समजावून द्यावे लागते. दुसरी गोष्ट म्हणजे नोंदणीचे काम साहाय्यकावर सोपवण्याची सोय. एका कळीवर यादी तयार होते आणि नवशिका तेच करतो. मग आपला नवा खेळाडू यादीत का नाही, हे त्याला उमगत नाही. ही सोय पहिल्या दिवसापासून न वापरता पंचवीस नावे स्वतःच्या हाताने भरावीत, असा माझा आग्रह आहे. मी तर वहीत तीन रकाने आखतो : घरचे, परदेशी आणि सवलतीच्या वयातले, आणि प्रत्येक नावापुढे तो कोणत्या वर्षी सवलतीबाहेर जाणार हे लिहून ठेवतो.

खेड्यातल्या वापराच्या दृष्टीने हा खेळ सोयीचा आहे. एकदा उतरवून घेतला की इंटरनेटशिवाय चालतो, आणि ठरावीक काळाने आपोआप जतन होण्याची सोय चालू ठेवली तर लाइन गेली तरी फारसे नुकसान होत नाही. २०२५ ची आवृत्ती रद्द झाली आणि २०२६ ची नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या तांत्रिक पायावर आली. ज्यांच्याकडे जुना लॅपटॉप आहे त्यांनी २०२४ ची आवृत्तीच घ्यावी, आणि सुरुवात युरोपात खेळणाऱ्या एखाद्या मध्यम क्लबपासून करावी. दुसऱ्या ऑगस्टपर्यंत अठरावे नाव समोर येतेच.