बिल्ल्यांचं मशीन : चिपळूणच्या दुकानातले अकरा महिने

चिपळूणला आमचं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. गेल्या वर्षी गणपतीआधी एका मंडळाची मुलं आली, "ताई, कार्यकर्त्यांचे दीडशे बिल्ले लागतील, नावासकट." ते मी बाहेरून करून आणले. चार नावं चुकून आली आणि ती दुरुस्त करायला वेळच उरला नव्हता. मुलांचे उतरलेले चेहरे बघून नवरात्रात मशीन घेतलं. हाताने दांडा दाबायचं, ५८ मिलिमीटरच्या साच्याचं. तेव्हापासून अडीच हजारांवर बिल्ले याच मशीनवर झालेत.

मशीन शिकायला अर्धा तास पुरतो. पहिल्या साच्यात पत्र्याची चकती, तिच्यावर छापलेला कागद, त्यावर पारदर्शक फिल्म ठेवायची आणि दांडा दाबायचा. तिन्ही वस्तू वरच्या साच्यात अडकून वर जातात. मग दुसऱ्या साच्यात पिनवाली मागची चकती ठेवून पुन्हा दाबायचं. कागद आणि फिल्मच्या कडा आत वळतात आणि बिल्ला बंद होतो. अमेरिकेतल्या नेवार्कच्या व्हाइटहेड अँड होग कंपनीने १८९६ साली असाच बिल्ला बाजारात आणला आणि त्याच वर्षीच्या मॅकिन्ली-ब्रायन यांच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत तो घरोघर पोचला. तेव्हा वर सेल्युलॉइड असायचं, आता पॉलिएस्टरची फिल्म असते. बाकी रचना तीच. मला याचं फार कौतुक वाटतं.

सुरुवातीला सगळ्यात जास्त नासाडी फिल्ममुळे झाली. फिल्मच्या चकत्या एकमेकींना चिकटतात, एकीऐवजी दोन गेल्या की दुसऱ्या दाबाला बिल्ला बंदच होत नाही आणि सगळा ऐवज वरच्या साच्यात अडकून बसतो. अशा वेळी जोर लावू नका, साचा खराब होतो. आता मी प्रत्येक फिल्म बोटांत चोळूनच घेते.

पण खरा पैसा घालायचा तो कटरवर, हे मला उशिरा कळलं. ५८ च्या बिल्ल्याला कागद ७० मिलिमीटरचा कापावा लागतो. कडेचा भाग मागे वळतो, म्हणून मजकूर मधल्या ५० मिलिमीटरच्या आतच ठेवायचा. मी आधी स्वस्तातला कंपाससारखा कटर घेतला. त्याचं टोक कागदाच्या बरोबर मध्यभागी टोचतं. गणपतीच्या फोटोवर मधोमध भोक पडलेलं बघवेना. ते पंचवीस कागद मी परत छापले. नंतर दांड्याचा पंच कटर घेतला, मशीनच्या जवळपास निम्म्या किमतीचा. घेतला त्या दिवसापासून एकही कागद वाकडा कापला गेलेला नाही. वर्तुळ दीड-दोन मिलिमीटरने जरी लहान झालं तरी कड नीट पकडली जात नाही, म्हणून कात्रीच्या भानगडीत पडूच नका.

ए-फोरवर प्रिंटरची कोरी कड सोडून सरळ ओळींत मांडली तर आठ वर्तुळं बसतात. मधली रांग अर्ध्याने खाली सरकवली तर अकरा बसतात. मात्र पंच कटरला कागदाच्या सरळ पट्ट्या लागतात, त्यामुळे मी आठच छापते. मोठी ऑर्डर असेल तर १२ बाय १८ इंचाच्या शीटवर चोवीस काढून घेते, ते परवडतं. कागद १०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला १०० ग्रॅम वजनाचा) उत्तम. जाड फोटोपेपरला कडेला चुण्या पडतात. लॅमिनेशन तर अजिबात करू नये, वर फिल्म असतेच.

आता आमच्याकडच्या पावसाबद्दल. जूनमध्ये पत्र्याच्या चकत्यांची पिशवी उघडी राहिली आणि जुलैत कडांवर तांबूस ठिपके दिसले. साठ-सत्तर चकत्या फेकल्या. त्यानंतर सगळा माल घट्ट झाकणाच्या डब्यात, बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवते. छापलेला कागदही दमट हवेत वळतो, म्हणून त्याच दिवशी कापायचा आणि त्याच दिवशी दाबायचा. इंकजेटची शाई ओलाव्याने पसरते. पावसाळ्यात मी फक्त लेझर प्रिंट वापरते.

साच्याचा स्क्रू कामाच्या धक्क्याने सैल होतो आणि पिन तिरकी लागायला लागते. पन्नास बिल्ल्यांनी एकदा आवळला की पुरतं. मशीन टेबलाला बोल्टने बसवा आणि उभ्याने काम करा, नाहीतर दोनशे बिल्ल्यांनंतर खांदा भरून येतो.

पिनशिवाय चुंबकाची बॅकही मिळते. सत्कार समारंभात बायका तीच मागतात, कारण पैठणीला पिनचं भोक नको असतं. पण समोरच्या व्यक्तीला पेसमेकर बसवलेला असेल तर छातीवर चुंबकाचा बिल्ला लावू नये, म्हणून ज्येष्ठ मंडळींची ऑर्डर आली की मी आधी विचारून घेते. बालवाडीच्या बक्षिसांना दोन्ही टाळते. त्यांना याच मापाचं, दप्तराला अडकवायचं किचेन करून देते.

यंदा तीच मुलं परत आली. दोनशे दहा बिल्ले हवे होते. याद्या मी त्यांच्याकडूनच वाचून घेतल्या, एकेका नावावर खूण करून. आदल्या रात्री साडेनऊला एकाचं आडनाव बदलायचं राहिल्याचं लक्षात आलं. तो बिल्ला दहा मिनिटांत नवा करून दिला.