आधी गणित की गणितासोबत हवामान? वातावरणशास्त्राच्या पदवीची सत्रं लावताना

वातावरणशास्त्राच्या पदवीत विषय निवडायला तशी फार मोकळीक नसते. कॅल्क्युलस, भौतिकशास्त्र, थर्मो (उष्णतागतिकी), डायनॅमिक्स (हवेच्या गतीची समीकरणं), सिनॉप्टिक (नकाशांवरून मोठ्या हवामान प्रणालींचा अभ्यास), रेडिएशन (प्रारण), मेघभौतिकी हे सगळं करायचंच असतं. जागतिक हवामान संघटनेने हवामानशास्त्रज्ञासाठी जे किमान शिक्षण ठरवून दिलंय, त्यातही भौतिक हवामानशास्त्र, डायनॅमिक्स आणि संख्यात्मक अंदाज (समीकरणं संगणकावर सोडवून काढलेला), सिनॉप्टिक आणि मध्यम आकाराच्या (मेसोस्केल) प्रणाली, हवामानाचा दीर्घकालीन अभ्यास हीच चार क्षेत्रं आहेत. खरी निवड असते ती क्रमाची. आणि ती पहिल्याच वर्षी, पुरेशी माहिती नसताना करावी लागते, म्हणून हा आढावा.

मांडण्या मुख्यतः दोन. पहिलीत सुरुवातीची दोन वर्षं गणित आणि भौतिकशास्त्र संपवायचं आणि हवामानाचे जवळजवळ सगळे पेपर त्यानंतर एकापाठोपाठ घ्यायचे. दुसरीत पहिल्या सत्रापासून हवामानाचा निदान एक विषय सोबत ठेवायचा आणि गणित त्याच्या एकच सत्र पुढे चालवायचं. म्हणजे कॅल्क्युलस चालू असताना प्रास्ताविक हवामानशास्त्र, मग थर्मो, आणि व्हेक्टर कॅल्क्युलस संपलं की लगेच पुढच्या सत्रात डायनॅमिक्स.

मी दुसरी निवडली. माझ्याबरोबरच्या बऱ्याच जणांनी पहिली निवडली आणि त्यांच्यातले काही आज माझ्यापेक्षा चांगलं काम करतात, तेव्हा पहिली चुकीची आहे असं मी म्हणणार नाही.

उलट तिचं एक बलस्थान मी जवळून पाहिलंय. संख्यात्मक अंदाजाच्या पेपरात एक दिवस येतो, जेव्हा तुम्ही हाताने लिहिलेलं साधंसं प्रारूप (मॉडेल) धडाधड मोठे आकडे ओकायला लागतं आणि कोसळतं. कारण बहुतेक वेळा कूरंट, फ्रीडरिख्स आणि लेवी यांची १९२८ची अट मोडलेली असते. जाळीच्या दोन बिंदूंत १० किलोमीटर अंतर असेल आणि सर्वांत वेगवान लहर सेकंदाला ३०० मीटरने धावत असेल, तर काळाचं पाऊल साधारण ३३ सेकंदांपेक्षा मोठं टाकता येत नाही. साध्या पद्धतींना तरी हे बंधन चुकत नाही. ज्यांनी पार्शियल डिफरन्शियल इक्वेशन्स सावकाश, पूर्ण केली होती त्यांना हे दोन मिनिटांत उमगलं. मला आकडे बदलून बदलून ते पटवून घ्यावं लागलं. गणित आधी पक्कं झालेल्या माणसाला अशा ठिकाणी जो निवांतपणा मिळतो, तो दुसऱ्या, गुंफलेल्या मांडणीत मिळत नाही, हे मान्य करायला हवं.

दुसरा फायदा उघडच आहे. दोन वर्षांनी मन बदललं तर भौतिकशास्त्राकडे किंवा गणिताकडे वळायला फार काही वाया जात नाही.

असं असूनही माझा कौल दुसरीकडे जातो, तो एका त्रासामुळे. शिकलेलं गणित आणि त्याचा वापर यांत पडणारं अंतर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण वर्गात बसलं की कळतं.

डायनॅमिक्सच्या वर्गात दोन्ही मांडण्यांचे विद्यार्थी एकत्र बसायचे. सुरुवातीलाच येतं ते एकूण बदल आणि स्थानिक बदल यांतलं नातं. कल्पना सोपी आहे. एका जागी रोवलेल्या तापमापकाचा पारा उतरतो त्याची कारणं दोन असू शकतात: तिथली हवाच थंड होतेय, किंवा दुसरीकडची थंड हवा तिथे येतेय. उत्तरेकडून सेकंदाला १० मीटर वारा असेल आणि उत्तरेकडे दर १०० किलोमीटरला तापमान एका अंशाने उतरत असेल, तर नुसत्या वाहून आणण्यामुळे तासाला सुमारे ०.३६ अंश घट होते. ज्याचा ग्रेडियंट (उताराची दिशा आणि तीव्रता) आदल्याच सत्रात झालाय तो हे वाचून पुढे सरकतो. ज्याचा दीड-दोन वर्षांपूर्वी झालाय, तो 'डॉट प्रॉडक्टचं चिन्ह उणे का?' इथे थांबतो. हुशारीचा प्रश्न नाही हा. त्याने ते गणित उत्तम गुणांनी पास केलेलं असतं, पण मधल्या काळात त्याला एकदाही त्याची गरज पडलेली नसते.

मग शिक्षक मागे जातात. ग्रेडियंट, डायव्हर्जन्स, कर्ल यांची उजळणी होते आणि ती एका तासात संपत नाही. आमच्या सत्रात या उजळणीने इतके तास खाल्ले की शेवटी व्हॉर्टिसिटीचा (हवेच्या भोवरेपणाचा) भाग, म्हणजे ज्यासाठी हा पेपर घ्यायचा तोच, धावतपळत झाला. रॉस्बी लहरी, म्हणजे वरच्या थरांतल्या वाऱ्यांच्या प्रचंड मोठ्या लाटा, एका बैठकीत उरकल्या. तेवढ्या वेळात माणसाला समीकरण उतरवून घेता येतं, लहर भोवतालच्या वाऱ्याच्या तुलनेत पश्चिमेकडे का सरकते हे समजून घेता येत नाही. ती खंत मला अजून आहे.

उजळणीनेही सगळं भरून निघत नाही, कारण गणिताच्या वर्गातल्या सवयी आणि हवामानाच्या सवयी वेगळ्या असतात. गणितात कोन पूर्वेकडच्या अक्षापासून घड्याळाच्या उलट दिशेने मोजायचा. वाऱ्याची दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजायची, आणि तीसुद्धा वारा कुठून येतो ती. २७० अंशांचा वारा म्हणजे पश्चिमेकडून येणारा, आणि त्याचा पूर्वेकडचा घटक धन. गणिताच्या सवयीने थेट कोसाइन लावला तर उत्तर शून्य येतं. प्रात्यक्षिकात यावर कितीतरी जणांची दुपार गेलेली मी पाहिलीय. पहिल्या वर्षापासून निरीक्षणांचे नकाशे हाताळलेल्यांना मात्र नकाशावरचा वाऱ्याचा काटा (दिशा आणि वेग दाखवणारं चिन्ह) बघताच दोन्ही घटकांची चिन्हं कळत होती.

सर्वांत मोठी अडचण येते ती दाबाला उंचीच्या जागी बसवताना. हवामानाचे वरच्या थरांचे नकाशे ठरावीक उंचीचे नसतात, ठरावीक दाबाचे असतात. ५०० हेक्टोपास्कलचा नकाशा म्हणजे तेवढा दाब कुठे किती उंचीवर सापडतो त्याचा नकाशा. समीकरणंही त्याच पृष्ठभागावर नेली की एक सुंदर गोष्ट घडते: दाबाच्या उताराच्या पदातली घनता नाहीशी होते आणि उरतो फक्त त्या पृष्ठभागाचा चढउतार. घनता थेट मोजणं अवघड, उंची मात्र रेडिओसोंडमधून (फुग्याला बांधून वर सोडलेल्या उपकरणातून) मिळते, म्हणून हा सगळा खटाटोप. पण त्यासाठी पार्शियल डेरिव्हेटिव्ह घेताना कुठली राशी स्थिर धरलीय याचं पक्कं भान लागतं. कॅल्क्युलसच्या पेपरात ते भान सहसा येत नाही, कारण तिथे एक्स, वाय, झेड सोडून दुसरं कोणी येतच नाही. ते थर्मोत येतं. ज्याने कॅल्क्युलसनंतर लगेच थर्मो आणि थर्मोनंतर लगेच डायनॅमिक्स घेतलं, त्याला ही पायरी चढताना दम लागत नाही. मी हे स्वतःवरून सांगतोय. परीक्षेच्या गुणांची तुलना केलेली नाही, त्यामुळे याला मोजमाप समजू नये.

गुंफलेल्या मांडणीचा आणखी एक लाभ मला नंतर जाणवला. ५०० हेक्टोपास्कलच्या नकाशावर समोच्च रेषा साधारणपणे ६० मीटरच्या फरकाने काढतात. समजा ४५ अंश अक्षांशावर शेजारच्या दोन रेषांत ३०० किलोमीटर अंतर आहे. गुरुत्वाला कोरिऑलिस गुणकाने (पृथ्वीच्या फिरण्याचा त्या अक्षांशावरचा परिणाम सांगणाऱ्या आकड्याने) भागा, उताराने गुणा, भूविक्षेपी वारा, म्हणजे दाबाचा उतार आणि कोरिऑलिस बल यांच्या समतोलातून निघणारा वारा, सेकंदाला सुमारे १९ मीटर येतो. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही हे करू शकतो. आता तेवढंच अंतर १५ अंशांवर धरून पाहा. उत्तर सेकंदाला ५२ मीटर येतं. विषुववृत्ताकडे सरकताना कोरिऑलिस गुणक लहान होतो, म्हणून तिथे एवढ्याशा उतारालाही प्रचंड वारा निघतो. प्रत्यक्षात उष्ण कटिबंधातल्या नकाशावर उंचीच्या रेषा इतक्या विरळ का असतात आणि तिथे या समतोलावर मध्य अक्षांशांइतकी भिस्त का ठेवता येत नाही, हे एका आकडेमोडीत दिसतं. हा प्रश्न पहिल्या वर्षी मनात आला की पुढे उष्णकटिबंधीय हवामानशास्त्राचा ऐच्छिक पेपर घ्यायचा की नाही हे आपोआप ठरतं. ज्यांचं काम त्या पट्ट्यात असणार आहे त्यांनी तो घ्यावाच, कारण सिनॉप्टिकचा नेहमीचा पेपर बराचसा आघाड्या (थंड आणि उष्ण हवेच्या सीमा) आणि मध्य अक्षांशांतली आवर्तं यांभोवती फिरतो.

बाकीच्या विषयांबद्दल थोडक्यात. प्रोग्रॅमिंग पहिल्याच सत्रात, कुठल्याही मांडणीत. पायथन पुरतं, प्रारूपांच्या आत डोकवायचं असेल तर फोर्ट्रान वाचता यायला हवं, लिहिता आलं नाही तरी चालेल. संख्याशास्त्र मात्र लोक शेवटापर्यंत ढकलतात आणि ते मला खटकतं. ईआरए५सारखा जगभरच्या हवामानाचा १९४० पासूनचा तासातासाचा साठा हाताशी असताना कुठलीही दोन वर्षं शेजारी ठेवून काहीही सिद्ध केल्यासारखं वाटू शकतं. त्या मोहातून सोडवणारा हा एकच पेपर आहे. रसायनशास्त्र, एरोसोल वगैरे आवडीप्रमाणे. मेघभौतिकी आणि रेडिएशन कुठेही बसतात, फक्त थर्मोच्या आधी नको.

दुसऱ्या मांडणीची धास्ती वाटते ती एका कारणाने, आणि ते खरं आहे. पुष्कळ विभागांत डायनॅमिक्सचा पहिला पेपर वर्षातून एकदाच असतो. त्याच्यावर दुसरा अवलंबून, दुसऱ्यावर संख्यात्मक अंदाज. व्हेक्टर कॅल्क्युलस राहिलं की डायनॅमिक्स एक वर्ष पुढे जातं. गणित फक्त एक सत्र पुढे ठेवलं तर चुकायला जागाच राहत नाही, असा आक्षेप येतो.

माझा अनुभव जरा वेगळा आहे. गुंफलेल्या मांडणीत डायनॅमिक्सचा पहिला पेपर लवकर येतो. तो एक वर्ष सरकला तरी पदवी वेळेत पूर्ण होण्याइतकी जागा पुढे शिल्लक असते. पहिल्या मांडणीत गणितासाठी मोकळीक भरपूर, पण हवामानाची साखळी शेवटच्या दोन वर्षांत दाटीवाटीने बसवलेली असते. तिथे एक कडी निसटली की थेट पदवीच लांबते. म्हणून यादी शेवटच्या सत्रापासून मागे लिहीत या. संख्यात्मक अंदाज किंवा प्रकल्प कुठे हवा ते आधी ठरवा, त्याच्या मागे दुसरं डायनॅमिक्स, त्याच्या मागे पहिलं, आणि पहिल्याच्या आधी व्हेक्टर कॅल्क्युलस व थर्मो. दोन्ही मांडण्या अशा उलट्या लिहून पाहिल्या की कुठली किती ताणली जातेय ते कागदावरच दिसेल.

पहिली कोणी घ्यावी? ज्यांना भौतिकशास्त्राची दुसरी पदवीही जोडायची आहे, ज्यांची शाळेतल्या गणितापासूनच ओढाताण होतेय आणि ज्यांना एका वेळी एकाच प्रकारचा अभ्यास मानवतो, त्यांनी. पुढे निव्वळ सैद्धांतिक डायनॅमिक्समध्ये संशोधन करायचं असेल तरीही ती बहुधा बरी. अंदाज, निरीक्षणं, प्रारूपं, हवामानबदलाची आकडेवारी अशा कुठल्याही वाटेने जायचं असेल तर मी दुसरीच सुचवेन.

आणि विभागाने पहिलीच सक्तीची केली असेल तर व्हेक्टर कॅल्क्युलसची वही कपाटात टाकू नका. आठवड्यातून एकदा ५०० हेक्टोपास्कलचा ताजा नकाशा उघडा, दोन रेषांमधलं अंतर मोजा, वर केला तसा वारा काढा आणि त्याच जागेच्या रेडिओसोंडच्या नोंदीशी ताडून पाहा. रेषा जिथे जोरात वळलेल्या असतील तिथे दोन्ही आकडे जुळणार नाहीत. ते का जुळत नाहीत हा प्रश्न डायनॅमिक्सच्या पहिल्या तासाला सोबत घेऊन जा.