युरोपात रेल्वेने फिरताना: युरेल पास की सुटी तिकिटं?

युरोपची रेल्वेसहल आखायला घेतली की घरात दोन पक्ष पडतात. एकाला युरेल पास, म्हणजे अनेक देशांच्या गाड्यांत चालणारा एकच पास, हवा असतो: एकदा पैसे भरले की कटकट संपली. दुसरा मोबाइलवर भाव दाखवत सांगतो की प्रत्येक टप्प्याची वेगळी, सुटी तिकिटं निम्म्यात पडतात. दोघांचंही खरं असतं, फक्त वेगवेगळ्या तारखांना. आणि भारतातून निघणाऱ्यांसाठी ती तारीख ठरवतो व्हिसा.

तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांचे दर विमानासारखे चढतात. स्वस्त तिकिटं काही महिने आधी खुली होतात, हळूहळू संपतात आणि सुटायच्या आठवड्यात तेच तिकीट तिप्पट झालेलं असतं. ही स्वस्त तिकिटं बहुधा एकाच गाडीला बांधलेली असतात आणि रद्द केली तर पैसे बुडतात. आता आपली बाजू बघा. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून एकच चालणाऱ्या व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या फार तर 6 महिने आधी करता येतो. निकालाला साधारण 15 दिवस धरले, तरी उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळतानाच नाकीनऊ येतात. व्हिसा हातात येईपर्यंत परत न होणारी तिकिटं काढायची हिंमत कोण करणार? चालू न केलेला साधा पास मात्र थोडी रक्कम कापून परत करता येतो. युरोपात राहणाऱ्यांनी लिहिलेल्या सल्ल्यांत हा मुद्दा सहसा नसतोच, कारण त्यांना तो लागत नाही.

एक नेहमीचा मार्ग घेऊ: अ‍ॅमस्टरडॅम, पॅरिस, इंटरलाकेन, व्हेनिस, व्हिएन्ना, प्राग. म्हणजे प्रवासाचे 5 दिवस. वेळेत काढली तर सगळी सुटी तिकिटं माणशी अडीचशे युरोंच्या आसपास बसवता येतात. ऐनवेळी अ‍ॅमस्टरडॅम-पॅरिस युरोस्टार आणि पॅरिसहून स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला जाणारी टीजीव्ही लिरिया या दोनच गाड्या प्रत्येकी शंभराच्या वर जाऊ शकतात. महिन्याभरात कोणतेही 5 दिवस वापरायचा सेकंड क्लासचा युरेल ग्लोबल पास (युरेलच्या सगळ्या देशांत चालणारा) मोठ्या माणसाला तीनशे युरोंच्या थोडा वर पडतो. इथवर पास बरा वाटतो.

पण पासात जागा येत नाही. आपल्याकडे तिकीट कन्फर्म झालं की डबा आणि बर्थ नंबर त्यातच असतो, त्यामुळे हे डोक्यात शिरायला वेळ लागतो. युरोस्टार, फ्रान्सची टीजीव्ही आणि इटलीच्या फ्रेच्चारोसा या वेगवान गाड्यांत पास असला तरी आरक्षण सक्तीचं आहे आणि त्याचे पैसे वेगळे. फ्रेच्चारोसाला दहा-पंधरा युरो, युरोस्टार आणि लिरियाला तीसच्या आसपास. वरच्या मार्गावर ही भर सहज सत्तर-ऐंशी युरोंची होते. शिवाय या गाड्यांत पासवाल्यांसाठी जागांचा कोटा असतो आणि सुट्टीच्या दिवसांत तो लवकर संपतो. म्हणजे पास आहे, गाडीत रिकाम्या जागाही आहेत, तरी तुम्हाला चढता येत नाही. इटलीतली इटालो ही खासगी कंपनी तर पास मानतच नाही.

जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडच्या आत हा जाच जवळजवळ नाही. जर्मनीच्या वेगवान आयसीई गाडीत सीटजवळ छोटा डिस्प्ले असतो. त्यावर दोन स्टेशनांची नावं असली तर तेवढ्या टप्प्यापुरती ती जागा कुणाची तरी आहे. नावं नसतील तर खुशाल बसा. टीसी येतो, पासाचा क्यूआर कोड स्कॅन करतो आणि पुढे जातो. पासाचे पैसे खरे वसूल होतात ते इथे.

म्हणून माझा कौल असा: फिरणं मुख्यतः पॅरिस, बार्सिलोना आणि इटलीत असेल, तर सुटी तिकिटं घ्या, व्हिसा उशिरा आला तरीसुद्धा. आल्प्स आणि जर्मन भाषिक देश असतील तर पास. वर घेतलेला मार्ग या दोन्हींच्या मधला आहे, तिथे पासाचा एक दिवस किती युरोंना पडतो ते काढा. तो आकडा साठ-सत्तरच्या घरात येतो. व्हिएन्ना-प्राग तिकीट आधी काढलं तर वीस-पंचवीस युरोंत मिळून जातं, त्यावर पासाचा दिवस जाळणं वेडेपणा आहे. 4 दिवसांचा पास घ्यावा आणि प्रागचं तिकीट सुटं काढावं.

स्वित्झर्लंडबद्दल थोडं जास्त, कारण मराठी मंडळींचा जीव तिथेच अडकलेला असतो. युंगफ्राउयोख या उंचावरच्या बर्फाळ स्टेशनाला युरेलवर सवलत मिळते, फुकट नेत नाहीत. मुक्काम चार-पाच दिवसांचा असेल, तर बोटी, शहरांतल्या ट्राम आणि शेकडो म्युझियम धरणारा स्विस ट्रॅव्हल पास वेगळा तपासा. आल्प्समधून जाणाऱ्या बर्निना एक्सप्रेस या पर्यटक गाडीला जादा पैसे भरून आरक्षण लागतं. पण 2008 साली युनेस्कोच्या यादीत गेलेल्या त्याच रुळांवरून इटलीतल्या तिरानोपर्यंत साध्या गाड्याही धावतात. त्यात पास चालतो, आरक्षण लागत नाही आणि काही डब्यांच्या खिडक्या उघडतात. फोटो काढणाऱ्यांना मी तीच गाडी सांगेन.

गाडी चुकली तर काय, हे बहुतेकजण निघायच्या आदल्या रात्री विचारतात. अ‍ॅमस्टरडॅमची गाडी पॅरिसला गार दु नोर स्टेशनात येते, स्वित्झर्लंडची सुटते गार द लियाँहून. दादरला उतरून लोकमान्य टिळक टर्मिनसवर पळावं तसा प्रकार. दोन कंपन्यांची दोन सुटी तिकिटं असतील, तर पहिली गाडी रखडल्याची जबाबदारी दुसरी कंपनी सहसा घेत नाही. युरोपियन युनियनच्या नियमाने तासभर उशिराला तिकिटाच्या 25 टक्के आणि दोन तासांना 50 टक्के भरपाई मिळते, पण चुकलेल्या गाडीचं नवं तिकीट त्यातून निघत नाही. जर्मनीत 2024 मध्ये लांब पल्ल्याच्या जेमतेम 62 टक्के गाड्या वेळेवर होत्या, आणि तिथे 6 मिनिटांच्या आतला उशीर ‘वेळेवर’ धरतात! आरक्षण न लागणाऱ्या मार्गावर पासवाला अशा वेळी कॉफी घेतो आणि पुढच्या गाडीत बसतो.

कुटुंबाचं गणित पासाच्या बाजूने झुकतं: मोठ्या माणसाबरोबर 4 ते 11 वयाची दोन मुलं फुकट (आरक्षणाचे पैसे मात्र द्यावे लागतात), 27 वयापर्यंत 25 टक्के आणि साठीनंतर 10 टक्के सूट. मुलगा किंवा लेक म्युनिकला राहत असेल, तर त्यांच्यासाठी युरेल नाही, युरोपात राहणाऱ्यांचा इंटररेल पास आहे. आणि त्यावर स्वतःच्या राहत्या देशात फक्त बाहेर पडताना एकदा आणि परतताना एकदाच प्रवास करता येतो. आईवडिलांना जर्मनीभर हिंडवायचा बेत असेल, तर आईवडिलांचा पास चालेल, लेकीला तिकीट काढावं लागेल.

पास घेतलाच तर गाडीत चढण्याआधी ती गाडी युरेलच्या अ‍ॅपमध्ये टाका. विसरलात तर पास असूनही दंड बसू शकतो. प्रवासाचा दिवस मध्यरात्री ते मध्यरात्री मोजतात, पण रात्रीच्या गाडीला फक्त सुटण्याचा दिवस खर्ची पडतो. व्हेनिसहून रात्री निघून सकाळी व्हिएन्नाला उतरलात तर एकच दिवस गेला, बर्थचे पैसे वेगळे. मध्यरात्रीनंतर दुसऱ्या गाडीत बसलात, की दुसरा दिवस लागला.