एसीला एक नॉब द्या ना भाऊ! नागपूरचा उन्हाळा काढल्यावरचा अनुभव

गाडीचं नाव टाकत नाही, कारण सर्व्हिसवाल्यांशी एक भांडण अजून चालूच आहे आणि बाबांनी बजावून ठेवलंय की नाव नको. सव्वाचार मीटरच्या वरची टर्बो पेट्रोल ऑटोमॅटिक, टॉप व्हेरियंट, पॅनोरामिक सनरूफ, टीव्हीएवढी स्क्रीन, एडास (म्हणजे स्वतः ब्रेक मारणारी, लेन सांभाळणारी ड्रायव्हरची मदतनीस सिस्टीम). सध्या प्रत्येक कंपनीकडे अशी एक असतेच, त्यातलीच एक. २०२४ च्या दसऱ्याला घरी आली. इंजिन, डिकी, मायलेज यावर ढीगभर व्हिडिओ आहेत, ते बघून घ्या. मी मुख्यतः एसीबद्दल बोलणार आहे, कारण नागपुरात गाडी म्हणजे आधी एसी, बाकी सगळं नंतर.

मे महिन्यात अमरावतीला लग्न होतं. सकाळी निघताना आजीने गुडघ्यांना गार हवा लागते म्हणून पंखा एकवर आणि टेम्परेचर २७ वर करायला लावलं. लग्नाच्या लॉनवर सावलीतल्या जागा सगळ्या आधीच भरलेल्या, त्यामुळे गाडी दुपारभर उन्हात. जेवून आलो, स्टार्ट केली, मीटर सुरू, इंजिन सुरू, स्क्रीन काळी. एसी बंद नव्हता पडला हे लक्षात घ्या, एसी मस्त चालू होता, फक्त एकवर आणि २७ वर. कारण या गाडीत पंखा, टेम्परेचर, हवा तोंडावर पाहिजे का पायावर, सगळं स्क्रीनच्या पोटात आहे. बाहेर ४४ आणि आत पाच माणसं, त्यात एक नऊवारीतली.

पॉवर बटन दाबून धरलं, गाडी बंद करून लॉक करून दहा मिनिटं थांबलो, काही नाही. व्हॉइस कमांड त्याच स्क्रीनमधून चालते, त्यामुळे तीही मुकी. शेवटी तळेगावच्या अलीकडे मला सुचलं की स्क्रीनखाली डीफॉगरचं, म्हणजे समोरच्या काचेवरची वाफ घालवायचं, खरंखुरं बटन आहे, ते दाबलं तर पंखा एकदम फुल झाला! पण हवा सगळी काचेवर. कारंजा, कोंढाळी, बाजारगाव, वाडी असे आम्ही घरी आलो, काच गार आणि माणसं गरम. आजी मागून म्हणे, "एवढ्या पैशाची गाडी अन् काचेले हवा देऊन राहिली."

आता आमची जुनी वॅगनआर आठवा, अशीच जुनी एखादी गाडी तुमच्याही घरी असेल. तिच्यात तीन गोल नॉब होते. टेम्परेचरचा नॉब फिरवला की मागे एक केबल ओढली जायची, ती केबल डॅशच्या आतली एक झडप हलवायची, गरम-थंड हवेचं मिश्रण तिथे ठरायचं. सॉफ्टवेअर नाही, काही नाही. बारा-तेरा वर्षांत एकदा पंख्याचा रेझिस्टर गेला, फक्त फुल स्पीडवर चालायचा, तो गल्लीतल्या मेकॅनिकने किरकोळ पैशात बदलून दिला. आणि मुख्य म्हणजे नॉब बघावा लागत नाही, हात आपोआप जातो, बोटाला खाच लागते, दोन खाचा म्हणजे दोन स्पीड. स्क्रीनवर बोट ठेवायला आधी नजर ठेवावी लागते, मग गाडी खड्ड्यात गेली की बोट बाजूला सरकतं आणि पंखा वाढवायच्या ऐवजी रेडिओ लागतो.

हे फक्त माझं रडगाणं नाही. २०२२ मध्ये स्वीडनच्या 'वी बिलेगारे' या मासिकाने टेस्ट घेतली होती, ताशी ११० च्या स्पीडला ड्रायव्हरने एसी, रेडिओ वगैरेची चार साधी कामं करायची. २००५ ची बटनवाली व्होल्वो व्ही७० दहा सेकंदांत मोकळी झाली, तेवढ्यात ती ३०६ मीटर गेली. नव्या गाड्यांत सगळ्यात वाईट निघाली तिला ४४.६ सेकंद लागले, म्हणजे तोवर सव्वा किलोमीटरच्या वर रस्ता मागे पडला. गाड्यांना सेफ्टीचे स्टार देणाऱ्या युरो एनकॅपनेही आता ठरवलंय की २०२६ पासून इंडिकेटर, हॅझर्ड, हॉर्न, वायपर आणि एसओएस (अपघातात मदत बोलवायचं) यांना खरं बटन किंवा दांडी नसेल तर मार्क कमी, पाच स्टार मिळवणं अवघड. चांगलंच आहे, पण एसी त्या यादीत नाही. बरोबर आहे, तिकडे मेअखेरचे ते नऊ भट्टीचे दिवस, आपला नवतपा, कोणाला माहीत.

सर्व्हिस सेंटरचा किस्सा थोडक्यात सांगतो नाहीतर बीपी वाढतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी नेली तर स्क्रीन सुरू! रात्रभर थंड झाली ना. ॲडव्हायझर म्हणे, सर सगळं ओके आहे, सॉफ्टवेअर अपडेट मारून देतो. तीन दिवसांनी ऑफिसच्या पार्किंगमध्ये दुपारी पुन्हा काळी. मी तशीच, गरम असतानाच, उचलून नेली आणि बंद पडलेली दाखवली. मग भाषा बदलली, पूर्ण युनिट बदलावं लागेल, किंमत साठ हजारांच्या वर, आणि वॉरंटीत बसेल का सांगता येत नाही कारण तुम्ही बाहेरून डॅशकॅम लावलाय, वायरिंगला हात लागलाय. डॅशकॅम चार्जिंग सॉकेटमध्ये खोचलेला आहे, एकही वायर कापलेली नाही! बाबा रिटायर्ड सरकारी कर्मचारी आहेत, त्यांनी शांतपणे एक कोरा कागद मागितला आणि म्हणाले, "हे जे बोलून राहिले ना भाऊ, तेवढं लिहून सही-शिक्क्यानिशी द्या." संध्याकाळपर्यंत पार्ट वॉरंटीत मंजूर. पण पार्ट आला जूनमध्ये, पावसाच्या पहिल्या सरीबरोबर. तोवर पूर्ण मे आम्ही दुपारी निघायच्या आधी स्क्रीनवर ओला नॅपकिन ठेवायचो. तरी त्यांनी 'डायग्नोसिस चार्ज' म्हणून जे पैसे घेतले त्यावर मेलबाजी अजून सुरू आहे, रक्कम छोटी आहे पण बाबा सोडणार नाहीत.

इथपर्यंत वाचून वाटेल की गाडी विकायला काढलीय. नाही. जुलैमध्ये समृद्धी महामार्गाने मुंबईला गेलो आणि माझं अर्धं मत पलटलं. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा शेवटचा तुकडा सुरू झाला, आता नागपूरहून सरळ ७०१ किलोमीटर. घेताना एडासला मी ब्रोशरचा मसाला समजत होतो. पण समृद्धीवर ॲडॅप्टिव्ह क्रूझ लावलं, पुढे ट्रक आला की गाडी स्वतः हळू होते, ट्रक बाजूला झाला की पुन्हा स्पीड धरते, पाय मोकळा. तो रस्ता इतका सरळ आणि कोरा आहे की डोळ्यावर झापड येते, तिथे लेन सोडली की स्टिअरिंग थरथरून जागं करतं. बाबांना एकदा केलं, ते म्हणाले मी जागाच होतो. आई काही बोलली नाही, पुढच्या पंपावर तिने मला ड्रायव्हर सीटवर बसवलं.

शहरात मात्र तेच एडास डोकेदुखी. सीताबर्डीत ऑटोवाला कट मारणार हे आपल्याला त्याच्या आधी माहीत असतं, गाडीला नसतं, ती कचकन ब्रेक मारते आणि मागचा ॲक्टिव्हावाला आपल्याला शिव्या देतो. बंद करता येतं, पण गाडी परत सुरू केली की तेही परत सुरू, आणि बंद करायचं बटन कुठे? स्क्रीनमध्ये, तिसऱ्या पानावर.

सनरूफ: घेतल्यापासून उघडं कमी आणि पडदा ओढलेलं जास्त. पडदासुद्धा पातळ कापडाचा, एप्रिलपासून डोक्यावर हात धरला तर ऊब लागते. काच आणि तिच्या यंत्रणेचं वजन वर, हेडरूम कमी, आणि भाचे आले की त्यातून डोकं बाहेर काढायचं यावरून रोज युद्ध. उलट ज्याची जाहिरातीत एक ओळ होती त्या व्हेंटिलेटेड सीट्स भन्नाट. त्या स्वतः गार करत नाहीत हं, केबिनचीच हवा सीटमधून खेळवतात, त्यामुळे उन्हातून आल्या आल्या लावल्या तर पाठीला भट्टी. आधी चार काचा उघडून गरम हवा बाहेर जाऊ द्या, मग एसी, मग सीट. पाठीला शर्ट चिकटत नाही यासाठी मी दहा सनरूफ सोडायला तयार आहे. आणि गंमत म्हणजे त्यांना वेगळं, खरं, दाबायचं बटन दिलंय! म्हणजे कंपनीला बटन बनवता येतं.

३६० कॅमेरा महाल-इतवारीच्या गल्ल्यांत देव आहे. चकचकीत काळं प्लास्टिक नागपूरच्या धुळीत दोन दिवसांत ओरखडतं, त्यावर पैसे खर्च करू नका.

आता खरा राग ऐका. याच गाडीच्या मधल्या व्हेरियंटमध्ये छोटी स्क्रीन आहे आणि तिच्याखाली एसीचे दोन छान गोल नॉब आहेत. जवळपास दोन लाख जास्त देऊन आम्ही ते नॉब काढून घेतले म्हणायचं. वर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला, चार मीटरच्या आतल्या छोट्या पेट्रोल गाड्या १८ टक्क्यांवर आल्या आणि आमच्यासारख्या मोठ्या सेस धरून ४५ च्या आसपास होत्या त्या सरळ ४० वर. आमच्या पावतीकडे बाबा हल्ली बघतही नाहीत.

काका हीच गाडी घ्यायला निघाले होते, हे सगळं मी त्यांना बसवून समजावलं, मधला व्हेरियंट घ्या, नॉबवाला, उरलेल्या पैशात सीट कव्हर, चांगली सनफिल्म आणि वर्षभराचं पेट्रोल. काका हो हो म्हणाले. परवा फोन आला, टॉपचंच बुकिंग केलंय, काकूला आणि पोट्ट्यांना सनरूफ पाहिजे होतं. डिलिव्हरी धनत्रयोदशीला. मी त्यांना डीफॉगरचं बटन कुठे आहे ते व्हॉट्सॲपवर फोटो काढून पाठवलंय.