मिनेलॅब इक्विनॉक्स ८००: दोन वर्षांच्या खोदकामानंतर

जमिनीतला धातू शोधणाऱ्या या यंत्राचा, म्हणजे मेटल डिटेक्टरचा, हा अभिप्राय मी मुद्दाम उशिरा लिहितेय. पहिल्या महिन्यात मी पडद्यावरच्या आकड्यावर पूर्ण विसंबून होते. आकडा चांगला आला की खणायचं, नाहीतर पुढे जायचं. तेव्हा लिहिलं असतं तर वाचणाऱ्यांची दिशाभूल झाली असती. आता एक वही भरत आली आहे. डाव्या पानावर खणण्याआधीचा आकडा, आवाज आणि माझा अंदाज. उजव्या पानावर खड्ड्यातून खरोखर काय निघालं ते.

या डिटेक्टरवर आकडे उणे ९ पासून ४० पर्यंत येतात. उणे आकडे आणि शून्य म्हणजे लोखंड, वरचे म्हणजे लोखंड सोडून इतर धातू. कॉइलमुळे, म्हणजे दांड्याच्या टोकाच्या, जमिनीवरून फिरवायच्या चकतीमुळे, वस्तूत विजेचे छोटे प्रवाह फिरतात आणि ते किती उशिराने उत्तर देतात यावरून यंत्र आकडा ठरवतं. म्हणजे आकड्यात धातू किती सुवाहक आहे, वस्तू किती जाड आणि मोठी आहे, तिचा आकार कसा आहे, हे सगळं एकत्र आलेलं असतं. जाड चांदी आणि तांबं वरच्या टोकाला जातात, पातळ फॉइलचा तुकडा तळाशी राहतो. सोनं मात्र बरोबर मध्ये येतं, आणि डब्यांच्या ॲल्युमिनियमच्या कड्याही तिथेच. यात या यंत्राचा दोष नाही. या प्रकारच्या सगळ्याच डिटेक्टरांना हे लागू आहे, आणि विकत घेण्यापूर्वी एवढी एक गोष्ट समजली तरी पुष्कळ निराशा टळते.

माझ्या वहिनींची अंगठी समुद्रकाठच्या ओल्या वाळूत हरवली तेव्हा हे मला नीट उमगलं. शोधायला लागण्याआधी मी त्यांना विचारलं, "वहिनी, तशाच जाडीची दुसरी अंगठी आहे का?" होती. ती वाळूवर ठेवून बीच मोडमध्ये कॉइल फिरवली: ११, क्वचित १२. मग ठरवलं की ९ ते १४ मधलं काहीही सोडायचं नाही. पहिल्या तासात चार कड्या निघाल्या आणि फॉइलची एक गोळी. वाकलेली जीभ असलेल्या कड्यांचा आकडा उड्या मारत होता, एकदा १२, एकदा १४. पण एक अखंड कडी अगदी ठाम ११ देत होती, दोन्ही दिशांनी, स्वच्छ आवाजात. तिच्या पुढे दीड पावलावर वहिनींची अंगठी सापडली. तिचाही आकडा ठाम ११. त्या दोन आवाजांमध्ये मला काहीही फरक करता आला नाही, आणि आजही येत नाही. कड्या वगळायच्या म्हणून ११ हा आकडा बंद केला असता, तर अंगठीवरून मी शांतपणे चालत गेले असते.

अंगठी तुटलेली असेल तर काम आणखी अवघड होतं. प्रवाहाचं वर्तुळच पूर्ण होत नाही, मग आकडा बराच खाली घसरतो. बारीक साखळीचंही तसंच. यंत्राला ती एकसंध दिसत नाही, एकेक कडी वेगळी दिसते. म्हणून वाळूत मी तळाचे आकडेही खणते, फॉइलचे कितीही तुकडे निघाले तरी.

लोखंडाच्या बाबतीत मात्र हे यंत्र कानाला खूप काही सांगतं. मी ५० टोन, म्हणजे आकड्यागणिक वेगळा सूर, लावते आणि सोबत येणारे वायरलेस हेडफोन घालते. बाटलीचं पत्र्याचं बूच चपटं आणि गोल असल्यामुळे नाण्यासारखा आकडा दाखवतं. पण कॉइल सावकाश बाजूला सरकवत नेली की कडेला आवाज फाटतो, खरखरतो, मध्येच लोखंडाचा जाड सूर डोकावतो. नाण्याचा आवाज कडेला फक्त बारीक होत जातो. सॉफ्टवेअर अपडेटनंतर आयर्न बायसमध्ये, म्हणजे संशयास्पद वस्तूला लोखंड मानण्याकडे यंत्राचा कल किती असावा या सेटिंगमध्ये, एफ२ हा पर्याय आला, त्याने बुचं ओळखणं सोपं झालं. तो फार वर मात्र नेऊ नका, लोखंडाशेजारची चांगली वस्तूही गप्प होऊ शकते.

खिळ्यासाठी माझी रीत ठरलेली आहे. सिग्नलभोवती ९० अंशांत वळायचं आणि पुन्हा कॉइल फिरवायची. सपाट पडलेलं नाणं चारही बाजूंनी तेच बोलतं. खिळा एका बाजूने गोड वाजतो आणि दुसऱ्या बाजूने तुटतो किंवा गायबच होतो. तरीही शंका उरली तर घोड्याच्या नालाच्या खुणेचं बटण दाबते, म्हणजे वगळलेलं लोखंडही ऐकू येतं. गोड आवाजाच्या दोन्ही बाजूंना घुरघुर आली की बहुतेक वेळा गंजका खिळाच निघतो.

सगळ्यात जास्त फसवलं ते मोठ्या लोखंडाने. जाड, रुंद तुकडा, विशेषतः मध्ये भोक असलेला, चांदीच्या आकड्यांमध्ये जाऊन बसतो. अशा वेळी कॉइल हळूहळू वर उचलावी. गुडघ्याच्या उंचीवरही आवाज दमदार राहिला तर खाली नाणं नक्कीच नाही. चेपलेला डबाही असाच पकडता येतो. पिनपॉइंट बटणाने वस्तूची कड कुठे संपते ते पाहिलं की तळहाताएवढी की बोटाच्या पेराएवढी हे कळतं.

कचरा दाट असेल तिथे खरा प्रश्न झाकोळण्याचा असतो. खिळ्याच्या आवाजाखाली शेजारचं नाणं दबून जातं. १८८१ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेल अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी असल्याच यंत्राने शोधत होते, तेव्हा पलंगातल्या धातूच्या स्प्रिंगांनी त्यांच्या कामात अडथळा आणला होता. खिळ्यांच्या जमिनीवर मला ती गोष्ट नेहमी आठवते. इथे रिकव्हरी स्पीड, म्हणजे एका वस्तूनंतर पुढच्या वस्तूसाठी यंत्र किती चटकन तयार होतं ती सेटिंग, ६ वर नेते, कॉइल अगदी सावकाश चालवते आणि ११ इंची कॉइल काढून ६ इंची लावते. छोटी कॉइल एका वेळी कमी जमीन पाहते, म्हणून खिळा आणि नाणं वेगवेगळे ऐकू येतात. खोली थोडी कमी होते, ते मला चालतं.

बाकीचं थोडक्यात. वजन १.३४ किलो, तीन तासांनंतर खांदा बोलतो, पण सोसवतं. पाण्यात ३ मीटरपर्यंत चालतं. गोल्ड मोड मी जवळजवळ वापरलेला नाही.

मग याच मालिकेतलं इक्विनॉक्स ६०० का घेतलं नाही, असं मला विचारतात. त्यात रिकव्हरी स्पीडच्या तीनच पायऱ्या आहेत, ८०० मध्ये आठ. मोकळ्या शेतात किंवा स्वच्छ वाळूत फिरणार असाल तर तीन पुरतील. माझी बरीचशी जमीन जुन्या खिळ्यांनी भरलेली आहे आणि मी ५ आणि ६ मध्ये सतत ये-जा करते. तो एका पायरीचा फरक माझ्या वहीच्या उजव्या पानावर दिसतो.