एकच लग्न तीन मशीनवर एडिट करून बघितलं

तुळशीचं लग्न झालं की आमचा सीझन सुरू होतो आणि तेव्हापासनं सांगली-मिरजेतल्या एडिटिंगवाल्यांना झोप नसते. त्याच गडबडीत तासगावातनं मावसभावाचा फोन आला, दादा मी पण शूटिंग-एडिटिंग चालू करतोय, घरच्यांनी बेदाण्याच्या पैशातनं काही रक्कम बाजूला काढून दिलीय, मॅक घेऊ का विंडोज घेऊ? बेदाण्याचे पैसे म्हणजे वर्षभराचा घाम असतो, त्यामुळं फोनवर उडतं उत्तर द्यायचं मला जमेना. म्हटलं थांब, महिनाभर दे. मिरजेतल्या एका कार्यालयातलं लग्न नुकतंच शूट झालं होतं, दोन कॅमेऱ्यांचं फोर-के आणि वर नवऱ्याच्या मित्राच्या मोबाईलवरचं थोडं. तेच सगळं फुटेज तीन मशीनवर टाकलं आणि तीनदा एडिट केलं.

मशीन सांगतो. एक आमचा रोजचा डेस्कटॉप, विंडोज ११, ३२ जीबी रॅम, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड. दुसरा अॅपलचा मॅक मिनी, एम-१ चिपचा, १६ जीबी, मित्राकडनं महिनाभरासाठी आणलेला. तिसरा माझा जुना लॅपटॉप, सातव्या पिढीचा आय-५. त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही कारण इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून त्यात लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम टाकलीय.

सुरुवात मंगलाष्टकांपासनं केली, कारण लग्नाच्या व्हिडिओत खरी परीक्षा तिथंच असते. एक कॅमेरा अंतरपाटासमोर, दुसरा स्टेजच्या बाजूनं पाहुण्यांवर, आणि "शुभमंगल सावधान" म्हटल्याबरोबर अक्षता उडाल्या पाहिजेत, आवाज आणि अक्षता अर्ध्या सेकंदानं जरी पुढंमागं झाल्या तरी घरातल्या बायकांच्या लगेच लक्षात येतं. दोन्ही कॅमेऱ्यांच्या क्लिप आवाजावरनं सिंक करायची म्हणजे जुळवायची सोय डाविंची रिझॉल्व्ह, प्रीमियर प्रो, फायनल कट प्रो आणि केडेनलाईव्ह या एडिटिंगच्या चारही सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि कॅमेऱ्याच्या क्लिप सगळीकडं नीट बसल्या. गडबड होते ती मोबाईलच्या क्लिपची. मोबाईल एका ठराविक फ्रेमरेटनं (सेकंदाला किती चित्रं) रेकॉर्ड करत नाही, उजेड कमी झाला की फ्रेम कमी-जास्त करतो, त्यामुळं पहिल्या मंगलाष्टकाला बरोबर असलेला आवाज शेवटच्याला सरकलेला असतो. यात दोष ना विंडोजचा ना मॅकचा, आणि यासाठी नवीन मशीन घ्यायची तर अजिबात गरज नाही. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, त्यात कॉन्स्टंट फ्रेमरेट निवडून क्लिप आधी बदलून घ्यायची आणि मगच टाइमलाइनवर टाकायची. नवीन पोरांनी आधी हे शिकावं असं मला मनापासनं वाटतं.

आता रिझॉल्व्ह. मूळ डाविंची हे सिनेमाचं कलर करायचं महागडं यंत्र होतं, ती कंपनी २००९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकमॅजिक डिझाईननं घेतली, आणि नंतर फुकट व्हर्जन सगळ्यांसाठी खुलं केलं. आमच्यासारख्या गावाकडच्या लोकांवर याचे लय उपकार आहेत, कारण जे कलर नोड (रंग सुधारायचे टप्पे) पूर्वी मुंबईच्या स्टुडिओत बघायला मिळायचे ते आज सांगलीच्या विश्रामबागेतल्या दहा बाय बाराच्या खोलीत माझ्यासमोर आहेत. हळदीच्या क्लिपमध्ये पिवळ्या रंगानं सगळ्यांची तोंडं पिवळी पडतात, तिथं त्वचेचा रंग वेगळा उचलून सावरता येतो आणि हे सगळं फुकट व्हर्जनमध्ये. फुकटमध्ये फोर-के यूएचडी सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत एक्सपोर्ट होतं आणि त्यावर वॉटरमार्क येत नाही. फक्त पैसे भरायचे स्टुडिओ व्हर्जनमधली फिचर लावून बघितली तर त्यावर वॉटरमार्क येतो. नॉईज रिडक्शन (अंधारातल्या क्लिपचे दाणे कमी करणं) आणि मॅजिक मास्क (माणूस आपोआप वेगळा उचलणं) स्टुडिओमध्ये आहेत, त्याचे २९५ डॉलर एकदाच भरायचे, आणि एक लायसन्स दोन मशीनवर चालतं. रात्रीची वरात, कार्यालयातली अंधारी जेवणाची पंगत असलं काम जास्त असेल तर नॉईज रिडक्शनसाठी ते पैसे वसूल होतात. पण मशीनला भूक मोठी. १६ जीबी रॅमच्या खाली जाऊ नका आणि ग्राफिक्स कार्ड चांगलं हवं. अजून एक, रिझॉल्व्ह प्रोजेक्ट वेगळ्या फाईलमध्ये ठेवत नाही, स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतं, त्यामुळं फुटेजचा फोल्डर कॉपी केला म्हणजे बॅकअप झाला असं समजू नका, प्रोजेक्ट वेगळा एक्सपोर्ट करा. २०१९ च्या महापुरात आमच्या ओळखीच्या कितीतरी जणांचं सामान पाण्यात गेलं, तेव्हापासनं मी ऑगस्टच्या आधी एक कॉपी वरच्या मजल्यावर नेऊन ठेवतोच.

मॅक मिनीवर फायनल कट उघडलं आणि खरं सांगतो, इतकं गुळगुळीत मी कधी बघितलं नव्हतं. एच.२६४ आणि एच.२६५ (कॅमेऱ्याच्या व्हिडिओचे नेहमीचे प्रकार) उलगडायला चिपमध्येच वेगळा भाग दिलाय, त्यामुळं प्रॉक्सी (म्हणजे कामापुरत्या हलक्या कॉपी) न करता दोन्ही कॅमेरे सरळ पळत होते, आणि मशीनचा आवाज नाही की खोली तापत नाही, एप्रिलमधल्या सांगलीत ही लहान गोष्ट नाही. फायनल कटची नवीन आवृत्ती २०११ मध्ये आली तेव्हा जुने प्रोजेक्ट त्यात उघडत नव्हते, मल्टिकॅम (अनेक कॅमेऱ्यांचं एकत्र एडिटिंग) नव्हतं, म्हणून बरेच एडिटर चिडून प्रीमियरकडं गेले. मल्टिकॅम पुढं २०१२ मध्ये आलं. टाइमलाइनला चुंबकासारखी सवय आहे, मधली एक क्लिप काढली की पुढचं सगळं आपोआप सरकून चिकटतं, आम्ही ट्रॅकवर काम करून मोठे झालेलो असल्यामुळं पहिले चार दिवस हात अडखळतात, पाचव्या दिवसापासनं वेग येतो. मॅकवर ते २९९ डॉलरला एकदाच विकत मिळतं आणि आधी काही दिवस फुकट वापरून बघता येतं. पण ते विंडोजवर चालत नाही, आणि मॅकची रॅम नंतर वाढवता येत नाही, घेतानाच विचार करून घ्यावी लागते. विंडोजच्या डेस्कटॉपला गणपती पेठेत जाऊन रॅमची पट्टी आणली की झालं.

प्रीमियरवर जास्त लिहीत नाही, ते चांगलं आहे, पुण्या-मुंबईच्या एजन्सीकडनं काम घेणार असाल तर समोरचा प्रोजेक्ट प्रीमियरमध्येच देतो, म्हणून यायला हवंच. पण २०१३ पासनं प्रीमियरवाल्या अॅडोबी कंपनीनं नवीन व्हर्जन फक्त भाड्यानंच द्यायला सुरुवात केली, आणि आपला धंदा चार-पाच महिन्यांचा, चातुर्मासात मुहूर्त नसतात तेव्हाही भाडं चालूच. लग्नवाल्यांच्यात आजही एडियस हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर जोरात आहे, फक्त विंडोजवर चालतं, वेगवेगळ्या कॅमेऱ्यांचं फुटेज एकाच टाइमलाइनवर टाका, रेंडर न करता (आधी तयार होईपर्यंत वाट न बघता) पळतं, आणि गाण्यांवर बसवलेले तयार प्रोजेक्ट बाजारात मिळतात. आमच्याकडचे निम्मे जुने एडिटर त्याच्यावरच घर चालवतात, त्यांच्या हाताचा वेग बघितला की मान झुकते.

लिनक्सवर माझा जीव आहे, म्हणून इथं वाईट वाटलं. मिंट त्या जुन्या लॅपटॉपवर हलकं पळतं, पण फुकट रिझॉल्व्ह लिनक्सवर एच.२६४ आणि एच.२६५ वाचतच नाही, आणि आपले कॅमेरे रेकॉर्ड करतात तेच. सगळं फुटेज डीएनएक्सएचआर या एडिटिंगच्या फॉरमॅटमध्ये बदलायचं म्हटलं तर कॅमेऱ्याचं जे मिनिट पाऊण जीबीत बसतं ते एचक्यू दर्जाला ५ जीबीच्या आसपास जातं, दोन दिवसांच्या लग्नाला हार्डडिस्क आणायची कुठनं? त्यात कंपनीचा अधिकृत सपोर्ट रॉकी लिनक्स या दुसऱ्या प्रकाराला आहे, मिंटला नाही. तिथं केडेनलाईव्ह वापरा. पूर्ण फुकट, कॅमेऱ्याची फाईल सरळ घेतं, आणि प्रॉक्सी चालू केली की आठ-नऊ वर्षांच्या लॅपटॉपवरसुद्धा साखरपुड्याची दहा मिनिटांची फिल्म निघते, मी काढली. शाळेचं गॅदरिंग, मंडळाच्या गणपतीचा व्हिडिओ, एवढ्यासाठी कुणी नवीन मशीन घेऊ नये.

मराठी नावांचं सांगायचं राहिलं. पत्रिका छापणाऱ्याकडनं मजकूर येतो तो बऱ्याचदा जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधला असतो, तो पेस्ट केला की भलतीच अक्षरं दिसतात, सरळ नव्यानं युनिकोडमध्ये टाईप करा. प्रीमियरमध्ये सेटिंगमधल्या ग्राफिक्सच्या भागात टेक्स्ट इंजिन साऊथ एशियन केल्याशिवाय जोडाक्षरं नीट जुळत नाहीत. कुठलंही सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी ज्ञानेश्वरी, ऐश्वर्या, ऋत्विक, श्रीकृष्ण अशी चार नावं टाईप करून बघा. आणि अडलंच तर इंकस्केप या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव लिहून पारदर्शक पीएनजी करायची, ती सगळीकडं चालते. नवरीच्या नावातला रफार चुकलेला व्हिडिओ आयुष्यभर त्या घरात राहतो, तिथं घाई करू नका.

क्रॅक म्हणजे चोरीच्या सॉफ्टवेअरबद्दल एकदाच बोलतो. धंद्याच्या पहिल्या वर्षी एका दुकानदारानं मशीनबरोबर महागडं सॉफ्टवेअर "टाकून" दिलं होतं, ऐन वैशाखात त्यातनं व्हायरस आला आणि एका कुटुंबाची पाठवणीची क्लिप कायमची गेली. त्या मुलीच्या वडिलांना मी काय तोंडानं सांगितलं ते माझं मला माहीत. आज रिझॉल्व्ह आणि केडेनलाईव्ह फुकट असताना क्रॅक टाकायला काहीच कारण नाही.

भावाला मी विंडोजचा डेस्कटॉप घ्यायला सांगितला, त्यावर फुकट रिझॉल्व्ह, आणि वाचलेल्या पैशातनं यूपीएस आणि दोन हार्डडिस्क. मॅक मला जास्त आवडला तरीसुद्धा हेच सांगितलं, कारण कार्ड बिघडलं तर तासगावातनं तासाभरात सांगलीला येऊन बदलता येतं आणि सीझनमध्ये एक दिवस बंद राहणं परवडत नाही. ज्याच्याकडं दोन-तीन वर्षांचं काम पक्कं आहे त्यानं खुशाल मॅक मिनी घ्यावा.

आणि पेनड्राईव्ह देताना बघून द्या. पेनड्राईव्हचे फॉरमॅट वेगवेगळे असतात, एफएटी३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही, मॅक एनटीएफएस वाचतो पण त्यावर लिहीत नाही, आणि गावाकडच्या काही टीव्हींना एक्सफॅट ओळखता येत नाही. मी हळद, लग्न, पंगत आणि वरात अशा चार फाईल करतो, प्रत्येक ४ जीबीच्या आत, आणि पेनड्राईव्ह आधी आमच्या घरच्या जुन्या टीव्हीला लावून बघतो.