स्टेडियम, मैदान, नाट्यगृह की बैठक? कोल्हापुरातून गाणं ऐकायला निघण्याआधी

परवा भाचीचा फोन आला. "मामा, मुंबईजवळ शो लागलाय. मैत्रिणी निघाल्यात. तिकीट 6,500 रुपये. जाऊ का?" पहिल्या पगाराची पोरगी आहे, तिच्यासाठी ही रक्कम लहान नाही. मला पटकन हो म्हणवेना आणि नाही तर मुळीच म्हणवेना. गेली वीस-बावीस वर्षं मिळेल तिथं जाऊन मी प्रत्यक्ष गाणं ऐकतोय आणि त्यातल्या कितीतरी रात्री हिरमुसून घरी आलोय. त्या सगळ्या रात्री शेजारी-शेजारी मांडून बघितल्या, तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. गायकानं निराश केलं असं फार थोड्या वेळा झालं. बहुतेक वेळा मी चुकीच्या जागी, चुकीची अपेक्षा घेऊन बसलो होतो. म्हणून तिला जे फोनवर सांगितलं, तेच इथं जरा सविस्तर लिहितो.

कोल्हापूरच्या माणसापुढं ढोबळमानानं चार वाटा असतात: मुंबई-पुण्याचा स्टेडियमवरचा शो, गावातल्या मैदानावरची रजनी, नाट्यगृहातला कार्यक्रम आणि बैठक, म्हणजे छोट्या जागेत गायकासमोर मांडी घालून ऐकायचं गाणं.

स्टेडियमपासून सुरुवात करतो, कारण पैसे तिथंच जास्त जातात. तिकीट 6,500 असलं तरी जाण्यायेण्याचा प्रवास, आत गेल्यावरचं खाणंपिणं, सोमवारची रजा असं सगळं धरलं तर आकडा नऊ हजारांच्या पुढं जातो. माझा पहिला असा शो मला चांगला आठवतो. रात्रीच्या बसनं गेलो, दुपारी तीनला रांगेत लागलो. गेटवर पाण्याची बाटली काढून घेतली. आत रोख पैसे चालत नव्हते. मनगटाला पट्टा बांधायचा, त्यात पैसे भरायचे आणि त्यावरच वडापाव घ्यायचा. गायक स्टेजवर आला तेव्हा संध्याकाळचे पावणेआठ वाजले होते आणि माझ्या जागेवरून तो करंगळीच्या नखाएवढा दिसत होता. मग बाकीचे करत होते तेच मी केलं, बाजूच्या मोठ्या पडद्याकडं बघायला लागलो. थोड्या वेळानं लक्षात आलं की ड्रमवर काठी पडलेली दिसते आणि ठोका मागून येतो. ओठ आधी हलतात, शब्द नंतर पोचतो. एकदा ते दिसलं की डोळ्यांना दुसरं काही दिसेना.

हा कुणाचा हलगर्जीपणा नव्हता. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. स्टेजपासून दीडशे मीटरवर बसलात, तर तिथला आवाज तुमच्यापर्यंत यायला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. उजेडाला तेवढा वेळ लागत नाही. मोठ्या शोमध्ये मैदानाच्या मध्येच स्पीकरचे मनोरे उभे करतात आणि त्यांतून आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडतात, म्हणजे पुढच्या आणि मधल्या स्पीकरचा आवाज एकत्र कानावर पडतो आणि घुमत नाही. त्यामुळं मागच्यालाही शब्द नीट कळतात. पण स्टेजवरचा माणूस आणि त्याचा आवाज यांच्यातलं अंतर तसंच राहतं. स्वस्त तिकीट म्हणजे फक्त लांबून दिसणं नाही, लांबून ऐकणंही आहे. हे तिकीट काढतानाच मनात धरलं, तर निम्मी निराशा टळते.

दुसरी गोष्ट ट्रॅकची. एवढ्या मोठ्या शोमध्ये बरंच संगीत आधी ध्वनिमुद्रित केलेलं असतं. नाचत-पळत गाणाऱ्याला त्याचा आधार लागतो, ते मी समजू शकतो. पण आधार कुठं संपतो आणि फसवणूक कुठं सुरू होते, हे विचारायचा हक्क ऐकणाऱ्याला आहे. 1989 मध्ये अमेरिकेत मिली वॅनिली या पॉप गायकांच्या जोडीचा ट्रॅक भर कार्यक्रमात अडकला आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजत राहिली. पुढं उघड झालं की अल्बमवर ते दोघं गायलेच नव्हते, आणि 1990 मध्ये त्यांचा ग्रॅमी पुरस्कार काढून घेतला गेला. इतक्या टोकाचं रोज घडत नाही. तरी जाण्याआधी त्या गायकाचे त्याच दौऱ्यातले, प्रेक्षकांनी फोनवर घेतलेले व्हिडिओ बघावेत. आवाज कच्चा असतो, पण कोण खरंच गातंय ते त्यात कळतं.

आता दुसरी बाजू, आणि ती मी मनापासून लिहितोय. त्याच रात्री शेवटच्या गाण्याला अख्खं स्टेडियम एका सुरात गात होतं. शेजारचा माणूस माझ्या ओळखीचा नव्हता, पण त्यानं माझ्या खांद्यावर हात टाकला होता आणि आम्ही दोघं गात होतो. ते बैठकीत मिळत नाही. स्टेडियमवर गाणं ऐकायला गेलात तर निराश व्हाल. गाण्यात सामील व्हायला गेलात तर पैसे वसूल होतात. आणि घरचा पडदाही एक वाट आहे. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या 2025 च्या भारत दौऱ्यात नवी मुंबईत तीन आणि अहमदाबादला दोन शो झाले. तिकिटं 2,500 ते 35,000 रुपयांची होती आणि 26 जानेवारीचा अहमदाबादचा शेवटचा शो डिस्ने प्लस हॉटस्टारवर थेट दाखवला. ज्यांना फक्त ऐकायचं-बघायचं होतं, त्यांना तो घरात बसून मागच्या रांगेपेक्षा चांगला दिसला असणार.

मैदानावरची रजनी आपल्या गावात असते, बऱ्याचदा फुकट असते आणि तिच्यातली निराशा अगदी वेगळी आहे. इथं खरा प्रश्न घड्याळाचा.

काही वर्षांपूर्वी एका रजनीला मी वेळेवर गेलो. पत्रिकेत साडेसहा छापलं होतं. पावणेआठला दीपप्रज्वलन झालं. व्यासपीठावर अकरा पाहुणे होते. प्रत्येकाला फेटा, शाल, श्रीफळ आणि एक रोप, मग प्रत्येकाचं मनोगत. गायिका स्टेजवर आली तेव्हा नऊला दहा मिनिटं कमी होती. तिनं तक्रार केली नाही, तंबोरे लावून घेतले आणि एकाहून एक सरस गाणी म्हटली. दहाला दोन मिनिटं असताना तिनं शेवटची भैरवी सुरू केली. अंतरा चालू असताना दहा वाजले आणि स्पीकर बंद झाले. तबलजी तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा, वाजवत होता. दोन टप्पे स्पीकरमधून आले आणि तिसरा नुसत्या चामड्याचा, बारीक, लांबून आल्यासारखा. गायिकेनं डोळे मिटूनच ठेवले आणि उरलेल्या ओळी माईकशिवाय म्हटल्या. पुढच्या तीन-चार रांगांना त्या ऐकू आल्या असतील. मी पंचविसाव्या रांगेत होतो. मला फक्त तिचा उचललेला हात दिसला.

नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. उघड्यावर रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक लावता येत नाही, वर्षातले ठरावीक दिवस सरकार 12 पर्यंत सवलत देतं. शेजारी आजारी माणूस असतो, परीक्षेचं पोर असतं. पण मग साडेतीन तासांतले सव्वादोन तास वाट बघण्यात आणि सत्कारात का जावेत? म्हणून माझा अगदी साधा आडाखा आहे. पत्रिका हातात आली की गायकाचं नाव बघायच्या आधी पाहुण्यांची नावं मोजायची. पाचाच्या वर असली तर आठच्या पुढं जेवून जायचं, किंवा जायचंच नाही.

मैदानात जायचं तर दिवाळी पहाटेला जा, असं मी सगळ्यांना सांगतो. सहानंतर सुरू झालेल्या कार्यक्रमाला दहाची टांगती तलवार नसते. भाषणं आपोआप आटोपशीर होतात. हवेत गारवा असतो, रस्त्यावर गाड्या नसतात, त्यामुळं कमी आवाजातही सूर लांबवर जातो. अहिर भैरव, ललत हे राग त्यांच्या स्वतःच्या वेळेला ऐकायला मिळतात. उलट संध्याकाळच्या मैफलींतून दरबारी, मालकंससारखे उत्तररात्रीचे राग मागं पडत चाललेत, कारण उत्तररात्रच उरली नाही. पूर्वी पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव रात्ररात्र चालायचा. 1953 पासूनचा तो उत्सव आजही डिसेंबरात एकदा तरी गाठावा असाच आहे. तिथं खुर्चीपेक्षा भारतीय बैठकीचं तिकीट काढा आणि सतरंजी घरून न्या.

नाट्यगृहाबद्दल लिहिताना कोल्हापूरच्या माणसाचा हात जरा थांबतो. शाहू महाराजांनी 1915 मध्ये उभं केलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह, 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी संगीत नाटकांतले गायक-नट केशवरावांची जयंती होती. त्या रात्री खासबागेच्या बाजूला उभे असलेले लोक बोलत नव्हते, नुसते बघत होते. माझ्या वडिलांनी मला पहिलं संगीत नाटक तिथं दाखवलं. ती वास्तू गेल्यावर चांगलं सभागृह म्हणजे काय, ते आम्हाला जास्त कळलं. मागच्या रांगेतल्या माणसाला कुजबुज ऐकू यायची आणि त्यासाठी स्पीकर फोडावे लागत नव्हते.

दसरा चौकातल्या शाहू स्मारकासारख्या सभागृहात मैफल असेल तर निर्धास्त जा. सावध राहायचं ते मंगल कार्यालयात ठेवलेल्या मैफलीला. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती, उंच पत्रा. सूर भिंतीवर आपटून परत येतो आणि पुढच्या सुरात मिसळतो. द्रुत, म्हणजे वेगवान तान असली तर तिचा नुसता गोंगाट होतो. दुपारी साउंड चेकला हॉल रिकामा असतो, रात्री माणसांनी भरतो, आणि माणसांचे कपडे, अंगं आवाज शोषून घेतात. दुपारचं माप रात्री चालत नाही. साउंडवाला जाणता असेल तर पहिल्या दहा मिनिटांत सावरतो, नसेल तर माईक शिट्टी मारत राहतो आणि तबल्याखाली गाणं बुडतं. जागा निवडता येत असेल तर मधोमध, साउंडवाल्याच्या टेबलाच्या दोन-तीन रांगा पुढं बसा. त्याच्या कानाला जे बरं वाटतं, तसाच तो आवाज लावतो. अगदी पहिल्या रांगेचं महाग तिकीट आवाजासाठी घेऊ नका, तिथं स्पीकर बाजूनं निघून जातात. बंद सभागृहाला दहाची अट तशी जाचत नाही, हाही एक फायदा. तीनशे-पाचशेच्या तिकिटात एवढं मिळत असेल तर पैशाच्या हिशेबात नाट्यगृह सगळ्यांत वर.

आणि बैठक. इथं मी तटस्थ राहू शकत नाही. हे थोर गायक अल्लादिया खाँसाहेबांचं गाव. शाहू महाराजांच्या पदरी असताना त्यांनी जे गाणं इथं रुजवलं, ते केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्या गळ्यातून देशभर गेलं. देवल क्लबसारखी जुनी संस्था आजही गावात आहे. बैठकीला तिकीट बहुधा नसतं किंवा नाममात्र असतं. तरी निराशा इथंही होते, आणि ती लपत नाही. पडदा नाही, ट्रॅक नाही, दिव्यांचा झगमगाट नाही. गळा बसलेला असेल तर तो सगळ्यांना दिसतो. मांडी घालून पाय मुंग्या मुंग्या होतात आणि मध्येच उठणं बरं दिसत नाही. नवख्या माणसाला तासभराचा विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल जड जातो. भाची एकदा अशीच कंटाळून गेली होती, आणि चूक माझी होती. तिला पहिल्यांदाच तीन तासांच्या बैठकीला नेलं.

तरी एक संध्याकाळ सांगतो. गायकांना सर्दी झाली होती. गरम पाण्याचा थर्मास मांडीशी होता. मध्य सप्तकात ठीक चाललं, पण तार षड्जाला, म्हणजे वरच्या 'सा'ला आवाज फाटला. पुन्हा गेले, पुन्हा फाटला. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "आज वर जाता येणार नाही, मला माफ करा." राग सोडला. तंबोऱ्याच्या तारा पुन्हा जुळवल्या, एका खुंटीला तर कितीतरी वेळ लागला, खोलीत फक्त त्या तारेचा आवाज. मग त्यांनी पूरिया घेतला आणि खालच्या सप्तकातच राहिले. मंद्रातला निषाद त्यांनी इतका हळू लावला की माझ्या शेजारच्या आजोबांनी पंखा बंद करायला लावला. ठरलेला राग ऐकायला मिळाला नाही, ही निराशाच होती. पण एक माणूस आपल्याच गळ्याशी झुंजतोय आणि वाट काढतोय, हे मी चार हातांवरून बघत होतो.

जवळच्या मिरजेत थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात संगीत सभा होते, तीही अशीच. तिकीट नाही, जाऊन बसायचं. बैठकीची सवय लावायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

भाचीला शेवटी काय सांगितलं? मैत्रिणींबरोबर ओरडायचं, गायचं, रात्रभर जागायचं असेल तर मुंबईला जा, फक्त स्टेजपासून फार लांबचं तिकीट घेऊ नकोस. तेवढे पैसे नसतील तर या वर्षी सोड. त्या गायकाचा आवाज कानात साठवायचा असेल तर मात्र तो तिथं मिळणार नाही. त्याच नऊ हजारांत वर्षभर नाट्यगृहाची तिकिटं, मिरज आणि पुण्याची एक फेरी बसते. तिनं बराच विचार केला आणि तिकीट काढलं, स्टेजच्या जवळचं. मला बरं वाटलं.

पुढच्या महिन्यात आमच्या ओळखीच्यांच्या घरी छोटी बैठक आहे, दीड तासाचीच. तिलाही बोलावलंय. सहाला ये म्हटलंय, कारण भिंतीला टेकून बसायच्या जागा साडेसहापर्यंत भरतात.